ओळ क्रमांक एक

या गावातल्या टेलिफोनच्या खोक्यांचा रंग लाल नाही,
सायीचा आहे.
आल्या आल्या मी एकात शिरून पाहिलं होतं:
रिसीव्हर होता, आवाज नव्हता.
पुढे याच कामाचा पगार मिळणार होता मला,
हाक मारायची
आणि पलीकडे कुणी आहे का बघायचं.

हल. नगरपालिकेचा चौथा मजला.
माझ्या वाट्याला आलेल्या फॉर्मवर एकच प्रश्न:
घरात कोण कोण राहतं?
त्याखाली बटण, ‘आणखी एक व्यक्ती’.
दाबलं की ओळ उगवते: नाव, जन्मतारीख, नातं.
पान येतं तेव्हा ती नसते.
सर्व्हरला तिचा पत्ता नाही,
ती ब्राउझरातच जन्मते.

आणि माझी स्क्रिप्ट मुलखाची उतावळी.
पान उघडतं न उघडतं तोच
आयडी घेऊन हाका मारत सुटते.
उत्तर येतं: नल.

नल म्हणजे शून्य नव्हे.
शून्याला निदान चौकट असते बसायला.
इथे आत्या कानात कुर्र करायला वाकलीय
आणि पाळणा अजून सुताराकडे.

‘थांबव की तिला जरा,’ डेरेक स्टॅदर्स म्हणाला.
त्याचा बाप ट्रॉलरवर होता,
थांबण्यावर त्या घराचा विश्वास आहे.
मी तीनशे मिलिसेकंद थांबवली.
माझ्या मशीनवर चाललं.
माझ्या मशीनवर सगळंच चालतं.

मग गुरुवारी नोरीन ब्लेंकिन यांचा फोन.
‘तुमचा फॉर्म म्हणतोय, ओळ एकमध्ये नाव भरा.
ओळ एक कुठाय?
मला नाही दिसत, बाळा,
आणि तिच्याशिवाय हा मला पुढे सोडत नाही.’

आधी काय काय दाबलंत, मी विचारलं.
तिकडे किटली उकळून बंद झाली.
‘मी घातली, मग सवयीने रॉयला घातलं,
मग नातीला, कायलीला.
मग आठवलं.
रॉयच्या ओळीपुढचं ‘काढा’ दाबलं.
गेली की ती. माझ्यासमोर गेली.’

गेली होती.
पण माझा लूप शून्यापासून मोजत होता,
शून्य नोरीन, दोन कायली,
आणि मधल्या एकाला हाक मारून तिथेच ठाण मांडून बसला होता.

दुपारभर मोडतोड केली.
मोजणं काढून टाकलं.
आता फॉर्मलाच विचारते: या घडीला आत कोण आहे?
जे असतील ते, मधली जागा सोडून.
आणि प्रत्येक ओळीच्या मागे कान घेऊन धावायचं नाही,
कान ठेवायचा उंबऱ्यावर.
उंबरा पान आल्यापासून असतो.
आत मागाहून आलेलं कुणी काही बोललं
तर तो आवाज वर चढत चढत उंबऱ्याशी येतो,
नाव आधी माहीत असायला लागत नाही.
एवढं कळायला मला अकरा दिवस लागले.
डेरेकने बिस्किटाचा डबा पुढे केला.

चार वाजता पुन्हा नोरीन. गेला म्हणे फॉर्म.
‘दोघी. मी आणि कायली.’
जरा थांबून:
‘तो तुमच्याकडे कुठे लिहिलेला नाही ना आता?’
मी लॉग पाहिले. नाही म्हटलं.
ते खरंच होतं, सर्व्हरपुरतं.

फक्त माझ्या एका टॅबमध्ये,
चूक पुन्हा घडवून बघायला सकाळी मीही
ती ओळ घातली होती आणि काढली होती,
आणि एका चलात धरून ठेवलेली सोडायची राहिली होती.
पानावर ती कुठेच नाही. शोधली तर नल.
पण कुणी धरून आहे तोवर
कचरा उचलणारा तिला हात लावत नाही.
कन्सोलमध्ये चलाचं नाव लिहून एंटर दाबलं.
रॉय, म्हणाला.
जन्मतारीख रिकामी. नातं: नवरा.

साडेपाच झाले. दिवे आपोआप मंदावले.
टॅब बंद करायला हात गेला होता,
पण बस चुकली असती.
ती सायीच्या खोक्यापाशी थांबते.